केगलीचं गाऱ्हाणं

आमच्या घरात 'केगली' हा शब्द रोजच्या वापरातला होता. मी तर बरीच मोठी होईपर्यंत तो मालवणी शब्दच समजत होते. आईचा पाटा म्हणजे तिची केगली, कारण लग्नात तिच्याबरोबर आल्यापासून अधूनमधून टाकी लावून घेण्यापलीकडे त्यानं काही मागितलं नव्हतं. चाळीतल्या एका म्हातारीनं तिसऱ्यांदा आजारपणातून उठून नळावर भांडण काढलं, तेव्हा बाबा कौतुकानं म्हणाले होते, "म्हातारी केगली आसा. इतक्यात मोडूची नाय." जे टिकतं, कुरकुरत नाही, दोन पाळ्या चालून तिसरीला तयार असतं, ते केगली. मी मॅट्रिक झाले त्या दिवशी बाबांनी सबंध मजल्यावर पेढे वाटले आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हटलं, "चेडू माजा केगली निघाला." मुलगी केगली निघाली म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. शब्द तोवर अख्ख्या मजल्याचा झाला होता.

खरं तर ते विलायतेतल्या एका गावाचं नाव. बाबा लोअर परळच्या एका गिरणीत जॉबर होते. कापड विणायच्या यंत्राला गिरणीत साचा म्हणत, आणि अशा चाळीस साच्यांची रांग, दर साचेवाल्यामागे दोन साचे, बाबांच्या हाताखाली होती. साचा अडला तर तो चालू करायचा, साचेवाल्यांची बाजू वरच्या मास्तरांकडे मांडायची आणि मास्तरांचा राग साचेवाल्यांपर्यंत पोचेस्तोवर निम्म्यावर आणायचा, हे जॉबरचं काम. प्रत्येक साच्याच्या बिडाच्या अंगावर इंग्रजी अक्षरं उठावानं ओतलेली होती. वरच्या ओळीत बनवणाऱ्याचं नाव होतं, ते पुसून पुसून बुजलं होतं. खालच्या ओळीत गाव: के, ई, आय, जी, एच, एल, ई, वाय. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण ही आठ अक्षरं ते डोळे मिटून बोटांनी ओळखत. ते गिरणीत लागले तेव्हाच्या म्हाताऱ्या जॉबरनं ती अक्षरं 'केगली' अशी वाचून दाखवली होती, आणि तेच पुढे चालत आलं.

आमचं बिऱ्हाड लालबागला, दोन खोल्यांचं, आणि त्या दोन खोल्यांत आई खानावळ चालवायची. गावाकडे बायकामुलं ठेवून आलेली चौदा माणसं आमच्याकडे जेवायची, सात-सातच्या दोन पंगतींत. बहुतेक जण बाबांच्याच रांगेतले साचेवाले. सकाळी भोंग्याच्या आधी मला जाग यायची ती पाट्यावर वरवंटा फिरण्याच्या आवाजानं. ओलं खोबरं, मिरच्या, धणे, चिंच, आणि बांगडा असला की शेवटी तिरफळं. आजही कुणी तिरफळ ठेचलं की मला आधी आईचे मनगटापर्यंत लाल झालेले हात दिसतात, मग मासा आठवतो. पंगत बसली की घरात चमच्याचा आवाज नसायचा, नुसते भुरके. साच्यांच्या खडखडाटात दिवस काढलेली ती माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. "वाईच कढी वाढ" हे सुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जावं अशा आवाजात. त्यांच्यात धोंडूमामा सर्वांत वडील. मामा म्हणजे नात्यानं कुणाचेच नव्हेत, पण आईला त्यांनी बहीण मानलं होतं आणि त्या हक्कानं ते दुसरी भाकरी न विचारता घेत.

वर्षातून एक दिवस या माणसांचा आवाज एकजूट व्हायचा, तो खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची. साचे थांबायचे, पुसून लख्ख व्हायचे, त्यांना झेंडूच्या माळा चढायच्या, आणि कामगारांच्या बायकामुलांना आत यायची मुभा असायची. इतर रांगांत नारळ फोडून, पेढा वाटून लोक मोकळे होत. बाबांच्या रांगेत गाऱ्हाणं व्हायचं. आमच्या कोकणात कुठलंही काम सुरू करायच्या आधी देवाला मोठ्यानं हाक मारून सगळं सांगतात, त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एक जण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. त्यात एक रिवाज पक्का असतो: ज्या जागेचं काम, त्या जागेच्या देवाला हाक. आता बाबांचा हिशेब असा होता की जमीन परळची, म्हणून पहिली हाक परळच्या देवाला. पण साचा काही परळचा नाही. त्याचं लोखंड केगलीत ओतलं, तो केगलीच्या माणसांनी जोडला, तेव्हा केगलीतही गाव राखणारा कुणीतरी असणारच. त्याला विसरून कसं चालेल? म्हणून दरवर्षी माझे बाबा लोअर परळच्या गिरणीत हातात नारळ धरून विलायतेतल्या त्या गावाच्या राखणदाराला हाक मारत, "बा केगलीच्या म्हाराजा!" आणि वीस-बावीस माणसं छपराची कौलं हलतील अशा आवाजात म्हणत, "व्हय म्हाराजा!"

हसू नका. साच्यात धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी धोटा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. तो कधी कधी साच्यातून उडतो आणि माणसाच्या तोंडावर येतो. शेजारच्या रांगांत दोघांचे डोळे असे गेले होते. बाबांच्या रांगेत पंचवीस वर्षांत एकाचाही गेला नव्हता. बाबा प्रत्येक साचा कान लावून तपासत, म्हणून गेला नव्हता, असं मी आज म्हणते. त्या माणसांचा विश्वास मात्र गाऱ्हाण्यावर होता, आणि बाबांचाही.

मॅट्रिकनंतर मी कॉलेजात गेले. गिरगावच्या बाजूचं मोठं दगडी कॉलेज, लालबागहून बसनं जायचं. आमच्या चाळीतून तिथे जाणारी मी पहिलीच. सगळं इंग्रजीत, आणि वर्गातल्या मुली अशा सहज बोलायच्या की त्यांना ती भाषा दुधाबरोबर पाजली असावी. मी मराठी शाळेत शिकलेली, पाठांतरावर मॅट्रिक झालेली. तरी सुरुवातीला माझी उमेद दांडगी होती. रोज संध्याकाळी खाटेशेजारी बसून मी इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचायची. पहिल्या पाळीहून आलेले बाबा खाटेवर आडवे पडून तो ऐकायचे. त्यांना शब्द कळत नसे, पण मी मध्येच थांबले की म्हणत, "चलू दे, चलू दे."

एके दिवशी इंग्रजीच्या प्रोफेसरांनी प्रत्येकीला उभं करून विचारलं, तुला कुठलं ठिकाण पाहावंसं वाटतं, पाच वाक्यांत सांग. काश्मीर झालं, स्वित्झर्लंड दोनदा झालं. माझी पाळी आली तेव्हा मी जोरात सांगितलं, केगली. माझे वडील ज्या यंत्रावर काम करतात ते तिथलं आहे, हे माझं दुसरं वाक्य होतं. तिसऱ्यापर्यंत मी पोचलेच नाही. प्रोफेसरांनी स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं, आणि ते सौम्यपणे म्हणाले, "काइली. त्याचा उच्चार काइली असा होतो." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मग त्या हसण्याला सोबत मिळाली. दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये माझं नाव केगली पडलं. आज वाटतं, काय वाईट होतं त्यात? आमच्या घरी याहून मोठी पदवी नव्हती. पण सतराव्या वर्षी एवढं शहाणपण कुठलं! मी संध्याकाळचं वाचन बंद केलं आणि मनाशी ठरवून टाकलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजात जायचं नाही, टायपिंगचा क्लास लावायचा. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात घरी दुसरी पंगत बसली होती. मी कढी वाढत होते. धोंडूमामा बाबांना म्हणाले, "दत्ताराम, खंडेनवमी आठ दिसांर इली. केगलीच्या म्हाराजाक यंदा काय काय सांगूचा ता ठरय." बाबा हसून काही बोलणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "केगली नाही म्हणत त्याला. काइली म्हणतात. आमच्या प्रोफेसरांनी सांगितलं. इतकी वर्षं चुकीचं नाव घेताय तुम्ही."

सात माणसांचे हात ताटात थांबले. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला घास संपवला, ताटाला नमस्कार केला आणि हात धुवायला उठले. आईनं माझ्या हातातलं कढीचं भांडं काढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्यां शिकवतत काय गो थंय?"

दुसऱ्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरातून गेला. पाटा नुसता पाटा झाला. शेजारच्या मुलानं वरच्या गॅलरीतून विचारलं, "काका, केगली बरी चालते ना?" तर बाबा म्हणाले, "साचे बरे चलतत." मला आधी वाटलं त्यांचा मान दुखावला, होईल ठीक. तिसऱ्या दिवशी धोंडूमामा जेवायच्या वेळेआधीच आले आणि आईला म्हणाले, "ताई, दत्ताराम यंदा गाऱ्हाणा घालूचो नाय म्हणता. माणसां घाबरली हत." बाबा खाटेवर बसून होते. मामांच्या देखत ते जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "पंचवीस वर्सां मी भलत्याच गावाक हाक मारलंय, धोंडू. कोणी आयकला, कोणाक ठावक? कोणीच आयकला नसात तर तुमचे डोळे हतत कशे, ह्याच माका कळणा नाय. आता ठावक असून परत खोटा नाव घेव? माज्यान नाय जमाचा."

मामा म्हणाले, नुसत्या परळच्या देवाला गाऱ्हाणं घाल. बाबांनी मान हलवली. ज्याचं त्याला सांगायचं, नाहीतर सांगायचंच नाही. गाऱ्हाणं न घालता दसऱ्यानंतर साचा चालू करायला त्या वीस-बावीस जणांचे हात धजले नसते, आणि बिचकत्या हातानं साच्यावर उभं राहणं केव्हाही वाईटच. हे सगळं माझ्या एका वाक्यानं केलं होतं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. बाबांनी मला जवळ बोलावलं. "शालू, तू शिकलेला चेडू. माका खरा नाव हाडून दी. मगे मी घालतंय गाऱ्हाणा."

खरं नाव तर मला माहीत होतं, काइली. पण आता ते बाबांच्या तोंडी जाणार, देवाला हाक म्हणून जाणार, म्हटल्यावर माझी खात्री डळमळली. मी दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांना गाठून विचारलं, सर, नक्की ना? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हो. म्हणजे, तसंच असायला हवं." कॉलेजच्या शब्दकोशात गावांची नावं नव्हती. मग मला मिस आठवल्या. खोताच्या वाडीत लाकडी जिन्याच्या घरात राहणाऱ्या निवृत्त ख्रिश्चन बाई. मॅट्रिकच्या वर्षी मी त्यांच्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला जात होते. कॉलेज सुटल्यावर मी ठाकूरद्वारपर्यंत चालत गेले आणि वाडीत शिरले. मिस व्हरांड्यात बसून लसूण सोलत होत्या. मी कागदावर ती आठ अक्षरं लिहून दाखवली. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि खो खो हसल्या.

"बाय, इंग्लिश लोकांच्या गावाचं नाव वाचायचं नसतं, विचारायचं असतं. लिवतात लायसेस्टर, बोलतात लेस्टर. लिवतात ग्रीनविच, बोलतात ग्रेनिच. मी चाळीस वरसं इंग्लिश शिकवली, पन हे तुजं गाव माझ्या बापाला बी येनार नाय. केली असेल कदाचित. जीएच मुका असतो ना."

"पण आमचे प्रोफेसर काइली म्हणतात."

"त्याला बी येत नाय," मिस लसणीची पाकळी वाटीत टाकत म्हणाल्या. "तो फकस्त घाबरत नाय."

त्या वाक्यानं माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं, ते मिसना कधी कळलं नसेल. मला वाटत होतं की बाकीच्या सगळ्यांना इंग्रजी येतं आणि मला एकटीला येत नाही. इथे तर चाळीस वर्षं शिकवलेली बाई मजेत सांगत होती की मला येत नाही. पुढे मी स्वतः दादरच्या एका शाळेत इंग्रजीची बाई झाले आणि पहिल्याच तासाला प्रत्येक वर्गाला मिसचं ते वाक्य सांगत आले. पण त्या दिवशी प्रश्न सुटला नव्हताच. घरी जाऊन बाबांना सांगितलं, काइली असेल किंवा केली असेल. बाबा म्हणाले, "एका गावाक दोन नावां? तशी हाक मारूक येणा नाय, शालू." एवढं बोलून ते कूस बदलून झोपले.

खंडेनवमी उजाडली. आईनं पहाटेपासून वडे तळले आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, पातेलं फडक्यात बांधून आम्ही दोघी गिरणीत गेलो. एरवी ज्या जागेत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, तिथे बांगड्यांची किणकिण ऐकू येत होती. तेलाचा आणि झेंडूचा एकत्र वास. साचेवाले धुतलेले सदरे घालून आपापल्या साच्यापाशी उभे, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाबा रांगेच्या तोंडाशी एक नंबरच्या साच्याजवळ नारळ घेऊन उभे होते, आणि तो नारळ कुणाकडे द्यावा अशा नजरेनं इकडेतिकडे बघत होते.

त्या वर्षी गिरणीत काही नवे साचे आले होते आणि ते बसवून द्यायला विलायतेहून एक फिटर आला होता. लालबुंद चेहऱ्याचा, पन्नाशीतला, खिशात सतत तेलकट चिंधी. कामगार त्याला तांबडो म्हणायचे. दोन महिने तो आणि बाबा खुणांनी बोलत एकमेकांशेजारी काम करत होते आणि दोघांचं छान जमलं होतं. तो कुठल्या गावचा, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. विलायत म्हटलं की आमच्या दृष्टीनं पत्ता पुरा झाला. तो खांबापाशी उभा राहून माळांकडे बघत होता. आईनं मला कोपरानं ढोसलं. "उभी कित्या? जा, इचार तेका."

कँटीनमधलं हसणं माझ्या कानात होतं. तरी गेले. साच्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून, जमेल तशा इंग्रजीत विचारलं, साहेब, हे कसं म्हणायचं? त्यानं अक्षरांकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "कीथ्ली." आणि छातीवर हात ठेवला. त्याचं स्वतःचं गाव! तिथेच जन्मलेला, त्याचा बापही हे साचे ओतणाऱ्या कारखान्यातच होता. गंमत म्हणजे त्याचं इंग्रजी प्रोफेसरांसारखं मुळीच नव्हतं. निम्मे शब्द तो गिळत होता आणि उरलेल्यांना आमच्या मालवणीसारखा हेल होता. कीथ्ली! त्या आठ अक्षरांत 'थ' कुठेच नाही. मी विचारलं, या नावाचा अर्थ काय? त्यानं डोकं खाजवलं. शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं म्हणे, फार जुन्या काळी कीहा की कायसा एक माणूस होता, त्यानं रान तोडून मोकळी केलेली जागा. पुढे बऱ्याच वर्षांनी मी ग्रंथालयात बसून खात्री करून घेतली, तज्ज्ञांचंही साधारण तेच म्हणणं आहे.

मी धावत बाबांकडे गेले. "कीथ्ली म्हणतात, बाबा. त्याचंच गाव आहे ते. आणि अर्थ म्हणजे, कुणा एकाची वाडी. आपली खोताची वाडी तशी कीहाची वाडी." बाबांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "वाडी? मगे माणसांचाच गाव ता." मग पुन्हा काळजीत पडून म्हणाले, "तेका इचार, नाव चुकला तर हाक पोचता काय?"

हे मी इंग्रजीत कसं विचारलं असेल, देव जाणे. हाकेला मला शब्द सापडेना. मी म्हणाले, लोक दुरून तुमच्या गावाला बोलावतात, नाव चुकीचं घेतात, तर गावाला कळतं का? फिटर जरा विचारात पडला, मग हसला. म्हणाला, अगं, लंडनचे लोकसुद्धा आमचं नाव चुकवतात. पत्रांवर तर वाट्टेल ते लिहिलेलं असतं. पण पोस्टमन आमच्यातलाच आहे, त्याला माहीत असतं. पत्र पोचतं.

मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, पोचतं म्हणाला ना? मग टोपी सरळ केली, नारळ दोन्ही हातांत धरला, आणि आठ दिवस घरात न ऐकलेला तो आवाज लागला.

"बा परळच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बा केगलीच्या म्हाराजा! तुज्या गावची माणसां तुका कीतली म्हणतत."

"व्हय म्हाराजा!"

"आमी आडाणी, आमी पंचवीस वर्सां केगली म्हणत इलंव. तरी तू आयकलंस."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रांगेतल्या एकाच्याय डोळ्याक धोटो लागूक दिलंस नाय. तशीच नजर यंदाय ठेव. काय चुकला माकला आसात ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

इथे दरवर्षी नारळ फुटायचा. धोंडूमामा पाण्यासाठी तांब्या घेऊन पुढे झाले. पण बाबा थांबले नाहीत.

"आणि म्हाराजा, तुजा खरा नाव हाडून दिला ता माज्या चेडवान. ता थंय मोठ्या कॉलेजात एकटाच जाता. थंय तेका कोण हसत आसात, तेचो आवाज बंद करीत आसात, तर तू तेच्या पाठी उभो रव. तेका अर्ध्यार परतान येवक देव नको."

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. वीस-बावीस माणसं, दरवर्षीपेक्षा कितीतरी मोठ्यानं, "व्हय म्हाराजा!" म्हणाली, आणि त्यात खांबाजवळून एक आवाज अर्धा क्षण उशिरा आला, "हॉय माराजा!" फिटरनं साथ दिली होती. त्याचा उच्चार कुणी सुधारला नाही. नारळ फुटला, धोंडूमामांनी पहिला तुकडा त्याच्याच हातावर ठेवला, आणि आईनं त्याला वडे आणि सांबारं इतकं वाढलं की त्याचा चेहरा आणखी लाल झाला.

रात्रीची भांडी घासताना मी आईला विचारलं, बाबांना कसं कळलं? आई म्हणाली, "चाळीस साच्यांतलो एक बंद पडलो तरी तेंका आवाजार कळता. घरातलो एक बंद पडलो तो कळूचो नाय?" मी ओल्या हातांनी उठले, पुस्तक काढलं आणि खाटेशेजारी बसले. पहिलं वाक्य अडखळलं. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "चलू दे."

टायपिंगचा क्लास राहिला तो राहिलाच. सुट्टीनंतर मी प्रोफेसरांना खरा उच्चार सांगितला, त्यांनी तो लगेच वहीत टिपून घेतला. माणूस सज्जन होता. कँटीनमध्ये माझं नाव केगलीच राहिलं आणि मी त्याला ओ द्यायला लागले. घरात तर तो शब्द दुसऱ्याच दिवशी परत आला, पाट्यासकट. बाबांनी त्या गाऱ्हाण्यानंतर कीथ्ली पुन्हा कधीच म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं, ते त्याचं घरचं नाव, आपलं आपण ठेवलेलं. माझी हयात मुलींचे उच्चार सुधारण्यात गेली, पण हे एक मी सुधारलं नाही.

गिरणी जाऊन जमाना झाला. त्या आवारात आता काचेच्या इमारती आहेत, आणि तिथले बिल्डर लोअर परळला अप्पर वरळी म्हणतात. म्हणोत बापडे. पोस्टमनला माहीत असेल. माझी भाची त्यातल्या एका इमारतीत कामाला आहे. एकदा तिला डबा द्यायला गेले तर खालच्या दालनात, चकचकीत फरशीवर, दोरी लावून शोभेला ठेवलेला एक साचा दिसला. काळा रंग दिलेला, अक्षरं सोनेरी केलेली. बोट फिरवून पाहिलं असतं, पण दोरी आडवी होती. तेव्हापासून दर खंडेनवमीला मी एक झेंडूचं फूल घेऊन जाते.

यंदा दारावर नवा माणूस होता. पिकल्या मिशांचा, गणवेश जरा ढगळ झालेला. "आजी, दोरीच्या आत नाय जायाचं हां, साहेब ओरडतात," तो म्हणाला. मी म्हटलं, नाही जात, इथेच ठेवते. फूल दोरीच्या खांबाशी ठेवलं, हात जोडले. मनात म्हणायचं ठरवलं होतं, पण वर्गात ओरडून ओरडून माझा आवाज कधीच लहान राहिलेला नाही.

"बा केगलीच्या म्हाराजा..."

दाराकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवून उभा असलेला तो माणूस, मान न वळवता, सवयीनं म्हणाला, "व्हय म्हाराजा."